हरेल त्याने लिहायचं

मी शब्दकोश बोलतोय. इंग्रजीतून मराठीत नेऊन सोडणारा, विटेएवढा जाड, कोपरे झिजलेला. माझ्या अंगावर ही निळ्या जाड्याभरड्या कापडाची बंडी दिसते आहे ना, ती छापखान्यातली नाही. ती एका आईने शिवलेली आहे. तिचीच गोष्ट सांगायची आहे, तिची आणि तिच्या दोन मुलांची. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर मला बोल लावू नका.

जन्माचं म्हणाल तर मला आठवतो तो खळीचा वास आणि बांधणाऱ्या कारागिराचा दाभण. पाठीतून दाभण आरपार गेला तेव्हा कळलं, आता आपण सुटी पानं राहिलो नाही. मग दुकानाच्या फळीवर आलो. तिथे माणसांची एक गंमत कळली. मला उघडणारा जो तो आधी एखादा चावट शब्द शोधायचा, सापडला की गालातल्या गालात हसायचा, आणि मग गंभीर तोंड करून मला हातावर तोलून बघायचा. शिकलेली माणसंही याला अपवाद नव्हती. उलट त्यांना तो शब्द लवकर सापडायचा.

मला घरी नेलं ते न्यायालयातल्या एका भाषांतरकाराने. साक्षी, अर्ज, निकाल या भाषेतून त्या भाषेत करायचं त्याचं काम. माणूस सावकाश बोलणारा, पण शब्दांच्या बाबतीत हट्टी. त्याने मला घरच्या मोठ्या टेबलावर ठेवलं. त्या टेबलाच्या एका टोकाला त्याच्या बायकोचं शिवणयंत्र असायचं. ती लोकांचे कपडे शिवायची, शाळांचे गणवेश शिवायची, आणि तोंडात टाचण्या धरूनसुद्धा बोलायची. दुसऱ्या टोकाला मी. मधल्या जागेत दोन मुलं अभ्यास करायची. थोरली ताई, आणि तिच्या पाठचा छोटू. छोटूचे आता कल्ले पांढरे झालेत, तरी ताईच्या तोंडी तो छोटूच आहे.

माझं मूळ पुठ्ठ्याचं वेष्टण मुलांनी ओढाताण करून फाडलं, तेव्हा आईने कुठल्याशा गणवेशाचं उरलेलं कापड घेतलं आणि मला मोजमाप घेऊन बंडी शिवली. "शाळेत न जाता गणवेश मिळालेला हा एकटाच," असं म्हणाली. टाके दुहेरी घातले होते. उसवायला तिला मुळीच आवडायचं नाही. कुणी नवा शिवलेला कपडा परत आणून "जरा उसवून द्या" म्हटलं की तिचा चेहरा पडायचा. "शिवायच्या आधी दहादा मापं घ्या, पण मला उसवायला लावू नका," हे तिचं ठरलेलं बोलणं. दुसऱ्या शिंपिणीकडचं उसवायचं काम तर ती दारातूनच परत पाठवायची.

आता या घरची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या रीतीने झालं.

इंग्रजीतले दोन शब्द अगदी शेजारी शेजारी वाटतात, मराठीत मात्र कुठला अर्थ घ्यावा ते कळत नाही, असं भाषांतरात रोज होतं. बाबांनी त्यावर न्यायालयातलीच युक्ती काढली. प्रत्येक शब्दाला एक वकील द्यायचा. माझ्यात जो शब्द आधी येतो तो छोटूचा, तो भिंतीकडच्या खुर्चीत बसणार. नंतर येतो तो ताईचा, ती खिडकीकडच्या खुर्चीत. आपल्याला कुठला शब्द पटतो ते विचारायचंच नाही. खुर्ची ज्या शब्दाची, त्याच शब्दाच्या बाजूने जीव तोडून भांडायचं. त्याचे माझ्यातले सगळे अर्थ काढायचे, दुसऱ्याचे सगळे दोष काढायचे. ज्याला उत्तर सुचेनासं होईल त्याने "हरलो" म्हणायचं, आणि जिंकलेल्या शब्दाचा मराठी अर्थ आपल्या हाताने लिहायचा. "हरेल त्याने लिहायचं," बाबा म्हणायचे, "म्हणजे जिंकणाऱ्याला माज चढत नाही."

एकदा 'फेअर' आणि 'जस्ट' यांची जुंपली होती. कामगारांच्या एका नियमावलीत हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले होते. छोटूकडे फेअर, ताईकडे जस्ट.

"फेअरचे अर्थ बघ की जरा," ताई म्हणाली. "गोरा, जत्रा, बऱ्यापैकी, स्वच्छ हवा, आणि मग कुठेतरी न्याय्य. इतक्या घरी राबणारा शब्द एकाही घरचा नसतो."

"आणि तुझा जस्ट?" छोटू उसळला. "नुकताच, फक्त, जेमतेम, अगदी तेवढाच. दारात चप्पल काढतो न काढतो तोच निघालेला पाहुणा! याच्या भरवशावर कामगारांनी बसायचं?"

ताईला हसू आवरेना, उत्तर सुचेना. हरली. ती लेखणी उचलणार तेवढ्यात आतून, स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला.

"झाली का वकिली? आता पोटातलं खरं काय ते सांगा आणि जेवायला या. अन्न निवतंय."

छोटूने मान खाजवली. "खरं सांगू? मला जस्टच बरा वाटत होता."

मग पुन्हा दोघं बसली, आणि शेवटी कागदावर 'रास्त' हा तिसराच शब्द आला. असं अनेकदा व्हायचं. रीत बाबांची होती, तिचं शेवटचं वाक्य मात्र आईचं. तिला शब्दांचं फारसं पडलेलं नव्हतं. तिला पानं वाढायची असायची, आणि भांडणाने तिचं डोकं उठायचं. पण ती दारात येऊन ते विचारायची, आणि दोघांना आपापल्या खुर्चीतून उठता यायचं. त्या वेळी हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. रोजच्या मिठाकडे कोण लक्ष देतं?

बाबा गेले. मुलांनी त्यांचंच काम पुढे चालवलं, पण न्यायालयाचं नाही. पाण्याच्या पंपांची, कपडे धुण्याच्या यंत्रांची माहितीपत्रकं, औषधांच्या खोक्यांतली बारीक अक्षरातली पानं, असलं काम येऊ लागलं. ताईने लग्न केलं नाही, ती आईजवळ राहिली. छोटूने गल्लीपलीकडे बिऱ्हाड केलं, पण काम करायला रोज सकाळी या टेबलापाशी यायचा. माझा भाव उतरला होता. मोबाईलवर बोट ठेवलं की अर्थ मिळतो म्हटल्यावर विटेएवढा शब्दकोश कोण उचलणार? दिवसचे दिवस मी शिवणयंत्राच्या झाकणावर पडून असायचो, कधी माझ्यावर चहाचा कप यायचा. पण जोडीचे शब्द आले की दोघं मला मधे ओढायची, आणि मला पुन्हा शब्दकोश झाल्यासारखं वाटायचं. मोबाईलवर एका वेळी एकच बोट ठेवता येतं. माझ्या पानावर दोघांची बोटं एकदम बसायची.

मग आईची छाती बिघडली.

आधी खोकला, मग जिना चढताना धाप, मग शिवता शिवता मधेच यंत्र थांबवून बसणं. कापडाचा बारीक धुरळा वर्षानुवर्षं फुप्फुसात गेला असेल, असं एका डॉक्टरांचं मत पडलं. शिवण बंद करा म्हणाले. "मग मी हातांचं काय करू?" आईने विचारलं. एका सकाळी तिला बसूनही श्वास घेता येईना. ओठ काळेनिळे पडले. रुग्णवाहिका आली, जिन्यावर जड पावलं वाजली, आणि घरात एकदम खूप शांतता झाली. यंत्राच्या सुईखाली अर्धवट शिवलेली बाही तशीच अडकून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं भावंडं घरी आली. अतिदक्षता विभागात कुणाला थांबू देत नव्हते. ताईने आल्या आल्या टेबलावर हातपिशवी ठेवली आणि खिडकीकडच्या खुर्चीत बसली. सवयीने बसली, दुसरं काही नाही. छोटू भिंतीकडे बसला. तिथल्या डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते त्यांनी पुन्हा पुन्हा उगाळलं, म्हणून मलाही कळलं.

आईला तोंडावर मास्क लावून प्राणवायू दिला होता, तो आता पुरत नव्हता. ती शुद्धीवर नव्हती, तिला काही विचारणं शक्य नव्हतं. पुढे दोन मार्ग होते. एक, घशात नळी घालून श्वासाचं यंत्र लावायचंच नाही. डॉक्टरबाई त्याला 'विथहोल्ड' म्हणाल्या होत्या. दुसरा, यंत्र लावून थोडे दिवस बघायचं, आणि उपयोग होत नाही असं दिसलं तर ते काढायचं. तो 'विथड्रॉ'. "आमच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही," त्या म्हणाल्या होत्या. "आशा कमी आहे, हे मी लपवत नाही. पण अजिबात नाही असंही म्हणत नाही. यंत्र लावायचं तर संध्याकाळच्या आत लावावं लागेल. घरी जा, दोघं मिळून ठरवा आणि फोन करा."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मग छोटूने हात लांब करून मला शिवणयंत्राच्या बाजूला काढून ठेवलेल्या झाकणावरून ओढलं.

"फरक नाही कसा?" तो म्हणाला. "बघू तरी."

लोक म्हणतील, काय ही माणसं! आई तिकडे मरणाच्या दारात, आणि ही शब्दकोश काढून बसली! पण मी त्यांना लहानपणापासून पाहिलंय. बुडणारा माणूस हाताला येईल ते धरतो. या दोघांच्या हाताला मी आलो.

दोन्ही शब्द माझ्या एकाच पानावर आहेत. छोटूने विथड्रॉवर बोट ठेवलं, ताईने खाली विथहोल्डवर. त्या दोघांच्या मधे 'विदर' नावाचा एक शब्द आहे. कोमेजणे, सुकून जाणे. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. त्याची खुर्चीच नव्हती.

"विथड्रॉ," छोटू वाचू लागला. "मागे घेणे. काढून घेणे. तक्रार, खटला, बोललेला शब्द परत घेणे. खात्यातून पैसे काढणे. सैन्याने माघार घेणे." त्याचं बोट पुन्हा पैशांच्या अर्थावर गेलं. "खात्यातून काढायचं तर आधी खात्यात काहीतरी टाकावं लागतं, ताई. इथे निदान आधी दिलेलं आहे. तुझ्या शब्दाखाली काय आहे ते वाच."

ताईने वाचलं. "न देणे. रोखून धरणे. हातचे राखणे. संमती नाकारणे. दडवणे."

"दडवणे!" छोटू म्हणाला. "यंत्र तिथे आहे, वीज आहे, डॉक्टर आहेत, आणि आपण हातचं राखायचं? आईच्या बाबतीत?"

तो हे बोलला तेव्हा त्याचा आवाज चिरकला. तो वकिली करत नव्हता. त्याची खुर्ची आणि त्याचं पोट त्या दिवशी नेमकं एकाच बाजूला आलं होतं. पण भांडताना आवाज चढवायचा हा तर खेळाचाच भाग, त्यामुळे ताईला ते निराळं कसं ओळखू यावं?

आणि ताई? तिच्या बोटाखाली घामाने माझा कागद ओला झाला होता. तिलाही यंत्र लावायचंच होतं. मनातून ती म्हणत होती, छोटू, बोल, अजून बोल, मला हरव. पण तोंडाने ती खिडकीकडच्या खुर्चीचं बोलत राहिली. पोटात एक आणि ओठात एक म्हणतात ते लबाडाबद्दल. ही लबाडी नव्हती. तिला लहानपणापासून असाच विचार करायला शिकवलं होतं.

"दिलं म्हणतोस, पण परत घेणारा हात कुणाचा?" ती म्हणाली. "सैन्य माघार घेतं तेव्हा मागे उरलेल्यांचं काय होतं ते तुझ्या ओळीत लिहिलेलं नाही. न देणाऱ्याने काही हिसकावलेलं नसतं. तू आठ दिवसांनी तिथे उभा राहून म्हणशील का, आता काढा?"

"वेळ आली तर म्हणेन."

"नाही म्हणणार तू. मीही नाही म्हणणार. आणि ती नळी घशात घेऊन पडून राहील."

"तोवर बरी होऊन उठलीही असेल कदाचित!"

"छोटू," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता, आणि मला भीती वाटली, कारण तो जिंकायच्या आधीचा आवाज होता. "आईने जन्मात कधी कुणाचं उसवायचं काम घेतलं? शिवलेलं उसवायचं तिच्या जिवावर यायचं. आणि आपण तिलाच शिवायचं आणि उसवायचं?"

छोटूच्या बोटाखालचा विथड्रॉ मला जड लागला. तो शिवणयंत्राच्या सुईखालच्या त्या अर्धवट बाहीकडे बघत राहिला.

मग एक गोष्ट घडली, ती फक्त मी पाहिली. दोघांनीही स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. एकाच वेळी, सवयीने. दारात कुणी नव्हतं. नळ ठिबकत होता.

"हरलो," छोटू म्हणाला.

हरेल त्याने लिहायचं. इथे लिहायचं काही नव्हतं, फोन होता. त्याने तो उचलला. ताईचा हात टेबलावरून अर्ध्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. "यंत्र लावू नका," छोटू म्हणाला. "हो. दोघांचं मिळून ठरलंय."

आई दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. तिच्या उशाशी दोघंही होती, तेवढं डॉक्टरबाईंनी करू दिलं.

नातेवाईक आले, रडले, जेवले, गेले. ताईने शिवणयंत्राखालची बाही तशीच राहू दिली. आणि एका दुपारी, घर रिकामं झाल्यावर, छोटू येऊन भिंतीकडच्या खुर्चीत बसला. त्याला बहिणीचं सांत्वन करायचं होतं.

"तुझंच बरोबर होतं, ताई," तो म्हणाला. "आईचे हाल झाले असते. मी आपला वेड्यासारखा 'लावा' म्हणत होतो. तू नसतीस तर मी तिला नळ्या लावून बसलो असतो."

ताई चहा गाळत होती. ती गाळणं हातात धरूनच बाहेर आली.

"तू खरंच म्हणत होतास? लावा म्हणून?"

"म्हणजे? हो. का?"

"मला वाटलं, खुर्ची म्हणून म्हणतोयस."

छोटूने फार हळू विचारलं, "आणि तू?"

"माझी खुर्ची होती ती," ताई म्हणाली. "मला वाटलं तू जिंकशील. आईचा प्रश्न आल्यावर तू हरणार नाहीस असं मी धरून चालले होते."

"मग बोलली का नाहीस? मी फोन उचलला तेव्हा तरी!"

"तू 'हरलो' म्हणालास. हरलो म्हटल्यावर आपण कधी पुढे बोललोय?"

"बोललोय की. कितीतरी वेळा बदललंय आपण."

"ते आई विचारायची म्हणून," ताई म्हणाली.

गाळण्यातून चहाचे थेंब जमिनीवर पडत होते. दोघांपैकी कुणीच ते पुसले नाहीत. छोटू उठला, पायात चपला सरकवल्या आणि गेला. चहा तसाच राहिला.

तुम्ही विचाराल, यंत्र लावलं असतं तर आई वाचली असती का? मला माहीत नाही. आशा कमीच सांगितली होती. कदाचित तीच सकाळ आली असती, कदाचित त्याहून वाईट. माझ्यात हजारो शब्द आहेत, पण न घडलेल्या गोष्टीचा अर्थ माझ्यात नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या टेबलापाशी दोन माणसं बसली होती, दोघांनाही एकच हवं होतं, आणि त्यांनी मिळून दुसरंच ठरवलं.

त्यानंतर छोटू इथे काम करायला आला नाही. त्याचं काम तो त्याच्या घरी, मोबाईलवर करतो असं ऐकतो. भांडण नाही. सणासुदीला निरोप येतो, तब्येतीची चौकशी होते. भांडण असतं तर बरं होतं, भांडायची त्यांना सवय आहे.

माझी अवस्था विचाराल तर बंडीचा एक टाका सुटलाय. दुहेरी टाका, तरी सुटला. ताईने एकदा सुई-दोरा घेऊन बसून पाहिलं, पण तिला आईसारखं जमेना, आणि उसवून पुन्हा शिवायचं तिच्या मनाने घेतलं नाही. तो दोरा तसाच लोंबतो. विथड्रॉ आणि विथहोल्ड ज्या पानावर आहेत, तिथे दोन बोटांचे डाग आहेत. मला कुठूनही उघडलं तरी आताशा मी त्याच पानावर उघडतो. पाठीला तशी घडीच पडली आहे.

आणि एक सांगतो, मग थांबतो. कधीकधी औषधाच्या एखाद्या कागदात जोडीचे शब्द येतात. मग ताई मला मधे ओढते. खिडकीकडच्या खुर्चीत बसून एका शब्दाची बाजू मांडते, उठून भिंतीकडच्या खुर्चीत जाते, दुसऱ्याची मांडते. मोठ्याने, एकटीच. शेजारी हसत असतील. मग ती उठते, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहते आणि टेबलाकडे तोंड करून आईच्या आवाजात विचारते, "आता पोटातलं खरं काय ते सांगा."

दोन्ही खुर्च्या रिकाम्या असतात. मी मधे उघडा पडलेला असतो. ती थोडा वेळ वाट बघते, आणि मग येऊन मला मिटते.

वाचकहो, तुमच्याही घरी कुणीतरी दारात येऊन असं विचारणारं असेल, बहुधा जेवण निवतंय म्हणून. तिला उत्तर देऊन ठेवा. ती अजून दारात आहे.